टॅबलेट लावले, पण मशीन थांबण्याचं कारण रोज एकच: 'इतर'

मांजलपूरची:

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

मी बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका मशीन शॉपमध्ये प्रॉडक्शन प्लॅनिंग बघते. आम्ही व्हॉल्व्ह आणि पंपांचे सुटे भाग करतो. स्पिंडल, सीट रिंग, बुश, ग्लँड असलं. सहा सीएनसी (संगणकावर चालणारे लेथ), दोन व्हीएमसी (तसंच चालणारी मिलिंग मशीनं), चार जुने हातानं चालवायचे लेथ. दोन पाळ्या धरून ४१ माणसं. बरेचसे गुजराती, काही युपी-बिहारचे, आणि आम्ही सात-आठ मराठी, तेही असे की शिव्या गुजरातीत आणि हिशेब मराठीत.

आजवर सगळं जॉब कार्डावर चालायचं. जाड पिवळा कागद. संध्याकाळी माझ्या टेबलावर येईपर्यंत तो तेल पिऊन इतका पारदर्शक व्हायचा की खालच्या कार्डाचे आकडे वरून वाचता यावेत. मग ते सगळं मी एक्सेलमध्ये चढवायची, रोजचा दीड तास. मधेच कस्टमरचा फोन आला, "बेन, मारो लॉट क्यां पहोंच्यो?", की उठायचं आणि शॉपभर ट्रे शोधत फिरायचं.

दिवाळीनंतर शेठनी सॉफ्टवेअर घेतलं. प्रत्येक मशीनशेजारी स्टँडवर एक टॅबलेट. जॉब सुरू करताना कार्डावरचा बारकोड स्कॅन करायचा, संपला की किती ओके आणि किती रिजेक्ट ते टाकायचं, मशीन थांबलं तर यादीतून कारण निवडायचं. बस. दिवसभर मोबाइलवर रील बघणाऱ्या पोरांना यात अवघड काय आहे, असं मलाही वाटलं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांचा माणूस आला, प्रोजेक्टरवर दोन तास समजावून गेला. सगळ्यांना सेव-उसळ आणि छास झाली. शेठ म्हणाले, हे सगळं तुमच्यासाठीच आहे. टाळ्या पडल्या.

आता तीन आठवडे झाले. दिवसपाळीच्या सगळ्या नोंदी संध्याकाळी सहा पन्नासला एका दमात पडतात, कारण पाळी सातला सुटते. स्क्रीनवर विश्वास ठेवायचा तर आमच्या सीएनसी-४ ने परवा एका मिनिटात ७० रिंगा काढल्या. थांब्याचं कारण बघावं तर दहात नऊ वेळा 'इतर'. आणि दोन टॅबलेटच्या कॅमेऱ्यावर टिकली चिकटवलेली सापडली. लाल, मखमली, घरून आणलेली. एकाला विचारलं तर म्हणतो, "बेन, नजर लागू नये म्हणून." सगळे हसले, मीही हसले. जिना चढून ऑफिसात येईपर्यंत लक्षात आलं की ते माझ्यावर हसत होते.

पण खरं मनाला लागलं ते काकांचं बोलणं. काका म्हणजे आमचे सगळ्यांत जुने टर्नर, २६ वर्षं याच शॉपमध्ये. माझे वडील त्यांच्या शेजारच्या लेथवर होते, त्यामुळे बाकीचे मला बेन म्हणतात आणि काका पोरी म्हणतात. त्यांच्या खिशात एक डायरी असते, रबरबँड लावलेली. कुठल्या जॉबला कुठला इन्सर्ट (कापणारं पातं), कुठल्या चकात (जॉब पकडणाऱ्या भागात) धरला की किती हालतो, कुठल्या सप्लायरचा बार कापताना कडक लागतो, सगळं त्यात. मी त्यांना म्हटलं, काका, निदान तुम्ही तरी वेळच्या वेळी भरा, मग पोरं भरतील. तर म्हणाले, "पोरी, यात खरं लिहिलं की उद्या सकाळी शेठ विचारणार, मशीन चाळीस मिनिटं बंद का होतं. खोटं लिहिलं तर कोणी काही विचारत नाही. मग तूच सांग, काय लिहू?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का? शेठ मार्चअखेरपर्यंत थांबतील, त्यानंतर एकतर टॅबलेट निघतील नाहीतर कोणीतरी माणूस.

दंडपाणी:

सोपं आहे. नोंद नाही तर हजेरी बोनस नाही. आमच्याकडे अंगठ्याच्या मशीनवरून असाच तमाशा झाला होता, महिन्याभरात सगळे सुतासारखे सरळ.

मांजलपूरची:

अंगठ्याचं वेगळं हो. अंगठा खोटा देता येत नाही, नोंद येते. आम्ही बोनस कापला नाही, उलट दिला. आठवडाभर पूर्ण नोंदी करणाऱ्याला ३०० रुपये. पहिल्या आठवड्यात ज्याला मिळाले त्याच्या नोंदीत एकही थांबा नव्हता. त्याच आठवड्यात त्याच्या मशीनचं टरेट, म्हणजे हत्यारं धरून फिरणारं डोकं, अडकलं होतं आणि मेकॅनिक दीड दिवस आत डोकं घालून बसला होता. मीच त्याला चहा पाठवलेला. बक्षीस बंद केलं.

हालोलचा_ऑपरेटर:

ताई, मी नऊ वर्षं व्हीएमसीवर आहे. आमच्याकडेपण हे डबडं लावलंय, म्हणून लिहितो. रागावू नका.

हातमोजे घालून तुमचा टॅबलेट चालतो का? आमचा नाही चालत. हातमोजा काढा, हात पुसा, पुसलेल्या हाताला थोडं कूलंट (कापताना गार ठेवायला सोडतात ते पाणी) राहतंच, मग बोट एकीकडे आणि स्क्रीन दाबतो भलतीकडे. हे दिवसातून तीस-चाळीस वेळा. तोवर आतला जॉब संपून मशीन दिवा पेटवून उभं. म्हणजे थांबा नोंदवायला अजून एक थांबा. तुम्ही एक पूर्ण पाळी स्वतः उभं राहून भरून बघा. प्रोजेक्टरवाल्या माणसाचे हात कोरडे असतात.

दुसरं, थांब्याच्या कारणांची यादी कोणी केली? ती इथे टाका.

आणि खरी गोष्ट सांगू? ते डबडं दिवसभर मला विचारतं. किती केले, किती फेकले, का थांबलास. मला देत काहीच नाही. मला काय लागतं? समोरचं ड्रॉइंग चालू रिव्हिजनचं आहे का मागचं, ते. हाच जॉब सहा महिन्यांपूर्वी कोणी केला, ऑफसेट (हत्याराच्या मापातली दुरुस्ती) किती दिला, कुठे अडकला, ते. हे स्क्रीनवर दिसलं तर मी न सांगता हातमोजा काढीन.

टिकलीची आयडिया झकास आहे. आम्ही इन्सुलेशन टेप लावतो.

मांजलपूरची:

यादी टाकते. सेटिंग, टूल बदल, ऑपरेटर जागेवर नाही, चहा-नाश्ता, साफसफाई, मशीन बिघाड, लाइट गेली, रिवर्क, इतर.

ही यादी मी केली होती, रविवारी घरी बसून. आत्ता इथे टाइप करताना पहिल्यांदाच कामगाराच्या नजरेनं वाचली. यात 'ड्रॉइंग मिळालं नाही' नाही. 'मटेरियल आलं नाही' नाही. 'पहिला पीस पास व्हायची वाट बघतोय' नाही, आणि आमच्याकडे पहिला पीस क्यूसीच्या (तपासणीवाल्यांच्या) टेबलावर अर्धा-अर्धा तास पडून असतो हे मला चांगलं ठाऊक आहे. मशीन आणि माणूस सोडून ऑफिसकडे बोट जाईल असं एकही कारण मी ठेवलंच नव्हतं. मुद्दाम नाही केलं, देवाशप्पथ. पण झालं खरं.

म्हणजे ज्याला मी तीन आठवडे कामचुकारपणा समजत होते, तो 'इतर' बऱ्याच वेळा खराच होता की.

पितळी_टोकन:

मी एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालो, सध्या मुक्काम दांडिया बाजार. तुमच्या काकांचं वाक्य वाचलं आणि आमच्या शाखेतले भाऊ डोळ्यांसमोर उभे राहिले. म्हणून जरा पाल्हाळ लावतो, म्हाताऱ्याला सांभाळून घ्या.

मी स्वतः संगणकाच्या विरोधात मोर्चात घसा फोडलेला माणूस आहे. १९८३ साली बँक मालकांची संघटना आणि युनियन यांच्यात मर्यादित यंत्रीकरणाचा करार झाला, पुढच्याच वर्षी रिझर्व्ह बँकेच्या रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग टप्प्याटप्प्यानं शाखांत लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीत नोंदी चढवायची, यंत्रं येऊ लागली. हिरव्या अक्षरांचा पडदा आणि किर्र किर्र करणारा प्रिंटर. आमच्या शाखेत यंत्र आलं तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे कोणी बघेना.

का, ते सांगतो. वरून हुकूम होता की काही महिने दोन्ही चालवा. हातानं लेजर लिहायचं आणि तेच पुन्हा यंत्रात भरायचं. काम कमी करायला आलेल्या यंत्रानं काम दुप्पट केलं. भाऊ म्हणजे सेव्हिंगच्या लेजरचे राजे. सही बघून खातेदाराचं नाव आणि नाव ऐकून शिल्लक सांगणार. ते यंत्राच्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. म्हणायचे, आत एसी आहे, मला सर्दी होते.

तरुण मंडळींना कल्पना नसेल, पण तेव्हा बचत खात्याचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर निघायचं. रोजच्या शिलकीवर व्याज हे १ एप्रिल २०१० पासून सुरू झालं. म्हणजे प्रत्येक खात्याची पानं उलटायची, प्रत्येक महिन्याचा तो किमान आकडा हुडकायचा, बेरजा मारायच्या, आणि हे हजारो खात्यांना. त्यावर बॅलन्सिंग. सगळ्या खात्यांची बेरीज जनरल लेजरशी जुळली पाहिजे. चार रुपये दहा पैशांच्या फरकापायी आम्ही तीन-तीन रात्री शाखेत काढल्यात. बायको विचारायची, चार रुपये मी देते, घरी या.

आमचे मॅनेजर गुजराती होते, फार मिस्कील माणूस. त्यांनी सहामाहीच्या आधी यंत्रावर बॅलन्सिंगची यादी काढली, अर्ध्या तासात. फरक आलाच. ती यादी त्यांनी हेड ऑफिसला दाखवली नाही, मोठ्यानं वाचूनही दाखवली नाही. भाऊंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "भाऊ, यंत्र कुठेतरी चुकलंय, जरा बघता?" भाऊंनी लाल पेन्सिल काढली. दुपारचं जेवण सोडलं. संध्याकाळपर्यंत यंत्रात भरलेल्या तीन चुका सापडल्या, आणि एक चूक निघाली खुद्द भाऊंच्या लेजरात. पहिल्या तीन त्यांनी सगळ्यांना दाखवल्या. चौथी त्यांनी मुकाट्यानं दुरुस्त केली, ती मला दिसली कारण मी शेजारी बसायचो, आणि मी आज पहिल्यांदाच कोणाला सांगतोय.

त्या दिवसापासून यंत्राची यादी भाऊंनी तपासल्याशिवाय पुढे जायची नाही, हा शाखेचा नियमच पडला. सर्दी गेली.

आता तुमचं बघा. टॅबलेट आल्यानं तुमचा एक्सेलचा दीड तास वाचला. शेठना घरबसल्या लॉट दिसायला लागला. काकांचं काय वाचलं? त्यांची तीन रात्रींची बॅलन्सिंग कुठली आहे, ती शोधा आधी. आणि तुमच्याकडे जॉब कार्ड आणि टॅबलेट दोन्ही भरून घेताय का? तुम्ही लिहिलं नाहीत, पण वास येतोय.

मांजलपूरची:

दोन्ही भरून घेतोय. शेठ म्हणाले, सिस्टिम पक्की होईपर्यंत कार्ड राहू दे.

पितळी_टोकन:

वाटलंच.

सूरसागरकाठी:

मी अनेक वर्षं औद्योगिक मानसशास्त्र शिकवलं. एक गोष्ट सांगते, आपल्या शेजारच्या अहमदाबादची आहे आणि तरी आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसते.

कॅलिको मिलनं १९५२ मध्ये स्वयंचलित माग बसवले. यंत्रं नवी, पण उत्पादन काही वाढेना आणि कापड खराब निघायचं ते वेगळंच. मिलचे प्रमुख गौतम साराभाईंनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटमधून (कामाच्या जागी माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारी संस्था) ए. के. राइस यांना बोलावलं. राइस १९५३ मध्ये येऊन बघतात तर एका शेडमध्ये २२४ माग, २९ माणसं आणि कामाचे १२ प्रकार. विणकराकडे मागांची एक संख्या, बॉबिन भरणाऱ्याकडे वेगळी, तुटलेले धागे जोडणाऱ्याकडे तिसरीच. कोणाचा कोणाशी मेळ नाही. माग बंद पडला की कोणी कोणाला हाक मारायची इथून सुरुवात. यंत्र आणताना प्रत्येक कामाला किती मिनिटं लागतात हे मोजलं होतं, ही माणसं एकमेकांशी कशी बांधलेली असतील याचा विचार झाला नव्हता.

राइसनी सुचवलं एवढंच की ठरावीक माग एका लहान गटाकडे पूर्णपणे द्यावेत. कल्पना ढोबळ होती. ती कामगारांनी आणि सुपरवायझरांनी उचलली, गट त्यांनी स्वतः पाडले, कोण कोणाबरोबर हेही त्यांनीच ठरवलं. मधे काही दिवस उत्पादन ढासळलं. मग वर गेलं आणि टिकलं, खराब कापडाचं प्रमाणही उतरलं.

आता पुढचं, जे वर्गात सांगायला प्राध्यापक विसरतात. १९७० मध्ये याच मिलमधल्या शेडची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा बऱ्याच ठिकाणी गटाची पद्धत विरून जुनी वहिवाट परत आलेली होती. बाजार बदलला, कापडाचे प्रकार बदलले, वरचे लोक बदलले, गटाच्या पाठीशी उभं राहणारं कोणी उरलं नाही. त्यामुळे तुमची यादी एकदा कामगारांकडून करून घेतलीत की मोकळ्या झालात, असं समजू नका.

आणि एक स्पष्ट बोलू? सॉफ्टवेअर निवडून, विकत घेऊन, स्टँडला स्क्रू मारून झाल्यावर माणसांना बोलावलं तर त्यांना सेव-उसळ खाण्याखेरीज करण्यासारखं उरतं काय? ठरवायला काहीतरी शिल्लक ठेवा त्यांच्यासाठी. तेही खरंखुरं, "टॅबलेट डावीकडे लावू की उजवीकडे" छापाचं नको. नोंदी कोण बघणार आणि बघून काय करणार, हे ठरवताना त्यांना बसवा. शेठना जमेल का, ते मला माहीत नाही.

लेबरवाला:

वरचं सगळं ठीक. कागदाचं सांगतो. नुसत्या टॅबलेटनं काही बिघडत नाही. पण त्या नोंदींवरून पाळ्या, कामाचे तास किंवा पगाराची रचना बदलायची असेल, किंवा सुधारणेमुळे कामगार कमी करायचे असतील, तर आधी २१ दिवसांची बदलाची नोटीस लागते. पूर्वी १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम ९-अ होतं, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कलम ४० आहे. "त्यानंतर कोणीतरी माणूस निघेल" हे वाक्य शेठनी शॉपमध्ये उच्चारलं असेल तर टिकल्यांचा अर्थ लावायला मानसशास्त्र लागत नाही.

मांजलपूरची:

सात आठवड्यांनी परत आले. काहींनी निरोपात विचारलं म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे हालोलवाल्या भाऊंचं ऐकलं आणि एका शनिवारी सीएनसी-३ वर पूर्ण पाळी नोंदी मी भरल्या. मशीन पोरगा चालवत होता, मी फक्त टॅबलेट. हातमोजे घालून. दुपारी दोनपर्यंत उजव्या हाताचा मोजा काढून-घालून कूलंटनं भिजला, आणि चार वेळा मी स्वतः 'इतर' दाबलं, कारण ती ओळ सर्वांत खाली मोठी होती आणि तिथे बोट बसत होतं. पोरगा काही बोलला नाही. फक्त चौथ्या वेळी "बेन..." एवढंच म्हणून पुढे बघत राहिला.

जॉब कार्ड भरणं त्या सोमवारीच बंद केलं. शेठशी भांडून. कार्डावर आता बारकोड आणि आयटम एवढंच असतं.

यादी दुसऱ्या पाळीच्या लोकांनी केली, कँटीनमध्ये, मी नसताना. एका जुन्या जॉब कार्डाच्या पाठीवर लिहून आणली. २२ कारणं. त्यातली काही छापण्यासारखी नव्हती. आम्ही मिळून १२ वर आणली. गुजरातीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, आणि 'इतर' सर्वांत वरती कोपऱ्यात बारीक.

नोंदी कोण बघणार, यावर तासभर घासाघीस झाली. ठरलं असं की सोमवारी फक्त कारणांची बेरीज भिंतीवर लागेल, मशीनचा नंबर नाही आणि माणसाचं नाव तर नाहीच. पहिल्या सोमवारी सर्वांत वर कोण? 'पहिला पीस पास व्हायची वाट'. दुसऱ्या नंबरवर 'ड्रॉइंग नाही', म्हणजे मी. भिंतीवर स्वतःची बेरीज बघायला कसं वाटतं ते आता मला माहीत आहे. क्यूसीला दुसऱ्या पाळीत एक माणूस दिला. ड्रॉइंगची चालू रिव्हिजन टॅबलेटवर यायला लागली, आणि गंमत म्हणजे त्यासाठी वेगळे पैसे पडले नाहीत, ती सोय आधीपासून होती. कोणी विचारलं नव्हतं.

मग तिसऱ्या आठवड्यात शेठनी मोबाइलवर आकडे उघडून सीएनसी-२ वरच्या पोराला सगळ्यांसमोर झापलं. ५० मिनिटं बंद का, म्हणून. पोरानं खरं लिहिलं होतं, जॉ (चकाचे जड जबडे) बदलायला हेल्पर नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाराच्या बारा मशीनवर 'इतर'. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, मला शेवटपर्यंत कळलं नाही. इतकी शिस्तशीर नोंद आमच्या शॉपमध्ये आधी कधी झाली नव्हती.

शेठनी माफी मागावी असं मला वाटत होतं. ते शेठ आहेत, मागितली नाही. पण वर्षभर मागितलेली, चाकं असलेली जॉ-ट्रॉली चार दिवसांत आली, आणि ती आणून त्यांनी स्वतः ढकलत सीएनसी-२ पाशी नेऊन ठेवली. त्यानंतर दीडेक आठवड्यानं नोंदी हळूहळू परत आल्या. अजून रात्रपाळीला पूर्ण येत नाहीत. शेठच्या मोबाइलवर आता फक्त लॉट कुठवर आलाय तेवढंच दिसतं, हे मी सॉफ्टवेअरवाल्यांकडून करून घेतलं. ते शेठना सांगूनच, गैरसमज नको.

कॅमेरे सॉफ्टवेअरमधून बंद केले आणि सगळ्यांना बंद केलेले दाखवले. टिकल्या तशाच आहेत. असू देत.

काकांचं मात्र अर्धवट आहे. टोकनकाकांनी सांगितल्याप्रमाणे शोधलं. त्यांची बॅलन्सिंग म्हणजे जुने रिपीट जॉब. वर्षानं तोच जॉब परत आला की पोरं त्यांच्याकडे धावतात आणि त्यांचा लेथ थांबतो. मी म्हटलं, डायरीतलं टॅबलेटवर चढवू, मग कोणी त्रास देणार नाही. तर म्हणाले, "पोरी, सगळं यात घातलं की मला कोण विचारणार?" त्यांना निवृत्तीला १४ महिने आहेत. तीन जॉबांचं मात्र त्यांनी सांगितलं, सीएनसी-१ वरच्या पोराला तोंडी, त्यानं टाइप केलं. खाली 'सांगणार: काका' असं लिहायला लावलं. नंतर दोनदा येऊन बघून गेले, नाव दिसतं का ते. डायरी खिशातच आहे आणि मी मागितलेली नाही.

हातमोज्याचा प्रश्न सुटलेला नाही. स्क्रीनला चालणारे मोजे आणले, ते आठवड्यात फाटले.

हालोलचा_ऑपरेटर:

मोजे सोडा. स्क्रीनऐवजी तीन मोठ्या बटणांचा डबा लावतात, हिरवं चालू, लाल बंद, पिवळं मदत पाहिजे. कोपरानंही दाबता येतं. कारण नंतर निवांत टाका. सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, टॅबलेटला जोडता येतो.

यादीतली न छापण्यासारखी कारणं छापा की.

मांजलपूरची:

बटणांचं आजच विचारते.

एक सांगते. 'ड्रॉइंग मॅडमच्या ड्रॉवरमध्ये, मॅडम घरी'. ते ठेवलंय यादीत, बारापैकी एक आहे. ड्रॉवरची दुसरी चावी आता सीएनसी-१ च्या टूल कपाटात असते.